घरी काढायचं एक वर्ष

बाल्टिमोर,
१६ ऑगस्ट १९९८

प्रिय ऑर्फा आत्या,

मागच्या रविवारी फोन केला होता तो मीच. तू "कोण? जरा मोठ्याने बोला!" म्हणत राहिलीस आणि शेवटी "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही" असं सांगून फोन ठेवून दिलास. घरमालकीण शेजारी उभी होती. म्हणाली, "तुझी आत्या फारच व्यवहारी दिसते." तेव्हा आता पत्रच बरं. कानाचं यंत्र तू वापरणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून तो विषय काढत नाही. (काढला.)

इथे माझा महिना सुरू झाला. या मोठ्या हॉस्पिटलच्या मेडिसिन विभागात महिनाभर राबायचं. त्यांनी मला पारखायचं आणि मी त्यांना. आवडले तर पुढच्या जुलैपासून तीन वर्षांची रेसिडेन्सी, शिकता शिकता नोकरी. या जागांसाठी देशभरातून अर्ज येतात आणि जवळजवळ सगळ्यांच्या नावापुढे डॉक्टरकीचं नेहमीचं एम.डी. लागणार असतं. माझ्या बिल्ल्यावरचं डी.ओ. वाचून एका नर्सने विचारलं, "म्हणजे डोळ्यांचे का?" मी सांगितलं, ऑस्टिओपॅथी. तेच सगळं शिकतो, औषधं, ऑपरेशनं, प्रसूती, आणि वर हाडं-स्नायू हातांनी तपासून उपचार करायला शिकतो. ती म्हणाली, "अय्या, छान." लहान मुलाचं चित्र बघून म्हणतात तसं. मी आपल्या परीक्षेबरोबर एम.डी.वाल्यांचीही परीक्षा दिली आहे, मार्कही चांगले आहेत. पण लोक मार्कांच्या आधी अक्षरं वाचतात.

परवा राउंडला मी मिस्टर डुडेक यांच्याबद्दल सांगत होते. गोदीत काम करतात, न्यूमोनिया आहे. बोलता बोलता माझा हात आपोआप त्यांच्या पाठीकडच्या बरगड्यांवर गेला, तुझा जातो तसा. आमचा सीनियर प्रेस्कॉट म्हणाला, "कोगर, मालिश उरकली असेल तर यांचं पोटॅशियम सांगतेस का?" सगळे हसले. एकटे डुडेकच म्हणाले, "राहू दे की तिचा हात, बरं वाटतंय." मी पोटॅशियम सांगितलं. बरोबर सांगितलं. पण तेव्हापासून मी हात कोटाच्या खिशात ठेवते.

संध्याकाळी खोलीत आले की तुझी पेशंट तपासायची पुढची खोली आठवते. मलमाचा तो वास, खिडकीतली जिरॅनियमची कुंडी, आणि तू टपालाने येणाऱ्या जाड कॅटलॉगच्या पानाखाली तुझा एक केस ठेवून मला म्हणायचीस, "शोध. डोळ्यांनी नाही, बोटांनी." एकावर एक पानं वाढवत जायचीस. मी आठ वर्षांची असेन. पुढे लुईसबर्गला ऑस्टिओपॅथीच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात आम्हाला हाच खेळ दिला. सगळे चाचपडत होते आणि मी खिडकीबाहेर बघत केस शोधून मोकळी. त्या दिवशी वाटलं होतं, माझं सगळं शिक्षण तुझ्याकडेच झालंय.

तीन वर्षं, आत्या. मग मी बर्च फोर्कला येते आणि तुझ्या पाटीखाली माझी पाटी लावते.

तुझी,
मार्ली


बर्च फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
३० ऑगस्ट

मार्ली,

फोनवर एक बाई काहीतरी गोड आवाजात विकत होती एवढंच मला कळलं. तू होतीस होय. तुझा आवाज शहरात जाऊन बदललाय.

आधी हात खिशातून बाहेर काढ. बर्फात उभी आहेस का?

दुसरं, त्या केसाबद्दल. आता सांगायला हरकत नाही. कधी कधी मी केस ठेवतच नसे. स्वयंपाक व्हायचा असायचा, बाहेर पेशंट बसलेले असायचे, आणि तुला गुंतवून ठेवायला दुसरं काही नसायचं. तू तरीही डोळे मिटून बोटं फिरवायचीस आणि म्हणायचीस, "सापडला!" मी म्हणायची, "शाब्बास." मला खोटं ठरवायला नको म्हणून म्हणायचीस की खरंच काही लागायचं तुझ्या बोटांना, देव जाणे.

तुझ्या सीनियरवर रागावू नकोस. आता नुसतं हसतात, हेच पुष्कळ म्हणायचं. मी मिसुरीहून शिकून आले तेव्हा इथल्या मोठ्या हॉस्पिटलात आम्हाला पायच ठेवू देत नसत. माझी आई तिथे दाखल होती, सत्तावन्न साली. मी डॉक्टर, आणि मला तिच्या खाटेपर्यंत जायला भेटीची वेळ होईपर्यंत बाकड्यावर थांबावं लागायचं, फुलं घेऊन आलेल्या बायकांबरोबर. तिची नाडी मी चादरीखालून हळूच बघायची. आई म्हणायची, "अगं, लपवतेस काय, तुझाच हात आहे." त्या हॉस्पिटलाहून कितीतरी मोठ्या ठिकाणी तू पुढच्या दाराने आत जातेस आणि ते तुला पोटॅशियम विचारतात. मला वाचताना बरं वाटलं. डुडेकांना माझा नमस्कार.

होबार्ट साइझमोरची पाठ पुन्हा धरली. ट्रॅक्टरवरून उडी मारली म्हणे, या वयात. मी म्हटलं, "होबार्ट, शिडी म्हणून एक वस्तू असते." तो म्हणाला, "शिडीने उतरलो तर तुमच्याकडे यायला कारण काय?"

ऑक्टोबरात सफरचंदं आटवून त्यांचं लोणी करायला येशील ना? कढई एकटीने ढवळवत नाही.

तुझी आत्या,
ऑर्फा


बाल्टिमोर,
१४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

सफरचंदाच्या लोण्याला येता आलं नाही, तुला वाईट वाटलं असेल. मुलाखतीसाठी चार दिवस पुन्हा इथे आले आहे, त्याच घरमालकिणीकडे. तू पाठवलेली बरणी घरमालकिणीने आणि मी उभ्या उभ्या संपवली.

मुलाखत झाली. विभागप्रमुख डॉक्टर हालास यांनी घेतली. हंगेरीतून लहानपणी आलेले, भुवया झाडूसारख्या. माझे कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "हे सगळं शिकून करणार काय?" मी सांगितलं, गावी माझी आत्या आहे, ती डोंगरातल्या तीन खोऱ्यांची एकटी डॉक्टर आहे, मी तिच्याकडे परत जाणार. ते म्हणाले, "मग तर तू आम्हाला हवीस. सगळे शिकून इथेच बसतात. बाल्टिमोरमध्ये आता साध्या पडशालाही तज्ज्ञ मिळतो." निघताना मला दारापर्यंत सोडायला आले. प्रेस्कॉट म्हणतो की ते कुणालाच दारापर्यंत सोडत नाहीत, आणि मी त्यांच्या यादीत वर असणार.

आता माझी अडचण. आपल्या ऑस्टिओपॅथीच्या हॉस्पिटलांची निवड फेब्रुवारीत होते आणि या लोकांची मार्चमध्ये. दोन्हीकडे पद्धत एकच: आपण आपल्या पसंतीची यादी द्यायची, हॉस्पिटलं त्यांची देतात, आणि संगणक जोड्या लावतो. पण आपल्या निवडीत जागा लागली की मार्चच्या यादीतून नाव आपोआप उडतं. म्हणजे बाल्टिमोर हवं असेल तर आपली यादी भरायचीच नाही. आणि मार्चमध्ये काही लागलं नाही, तर हातात शून्य. वर्गातले बहुतेक जण सुरक्षित वाट धरताहेत. त्यातला ड्वाइट म्हणतो, "बाल्टिमोरसाठी घरची भाकरी सोडतेस? तिथे तुला वाढतील याची काय खात्री?"

तू काय म्हणतेस? तू म्हणशील तसं करीन.

तुझी,
मार्ली


बर्च फोर्क
६ डिसेंबर

मार्ली,

आपली यादी भरू नकोस. बाल्टिमोरला जा. यात विचार करण्यासारखं काही नाही.

इथे बर्फ लवकर आला. परसात एक हरिणी येते, मागच्या पायाने किंचित लंगडते. रोज चार वाजता कुंपणापाशी उभी राहते. मी सफरचंदाच्या साली टाकते. होबार्ट म्हणतो की मी तिला लाडावतेय आणि एक दिवस ती पुढच्या खोलीत येऊन बसेल, "नंबर लावून." मला तिचा डावा खुबा बघायचा आहे. पण ती हात लावू देत नाही. लांबून बघून मला वाटतं की खुब्यात नाही, कमरेत काहीतरी आहे. ती उतारावर बरी चालते आणि चढावर अडखळते. काल पाऊण तास खिडकीत उभी राहून मी तिचं चालणं बघत होते, आणि घेवड्याचं भांडं करपलं.

चर्चमध्ये तुझी सगळे चौकशी करतात. मी सांगते, अभ्यास करतेय.

लोकरीचे मोजे वेगळे पाठवलेत.

आत्या


लुईसबर्ग
११ जानेवारी १९९९

ऑर्फा आत्या,

तू नको म्हणालीस तरी मी पार्कर्सबर्गकडच्या आपल्या एका छोट्या हॉस्पिटलात मुलाखतीला गेले होते. अगदीच रिकाम्या हाताने राहायची भीती वाटली म्हणून. तिथल्या ऑफिसात बिकलबाई आहेत, तू त्यांना ओळखतेस. कॉफी देता देता त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. परत येऊन काम करायचंय म्हणजे पहिलं वर्ष आपल्याकडे काढलंच पाहिजे ना." मी म्हटलं, "कशाबद्दल बोलताय?" त्यांनी किटली खाली ठेवली.

मग त्यांनी सांगितलं. आपल्या राज्यात डी.ओ. म्हणून लायसन्स हवं तर पहिलं वर्ष ऑस्टिओपॅथीच्या हॉस्पिटलातच इंटर्नशिप केलेली असावी लागते. देशात चार-पाच राज्यांत हा नियम आहे, त्यातलं एक आपलं. मी सरळ बाल्टिमोरला गेले तर तीन वर्षांनी जवळजवळ कुठेही डॉक्टर होऊ शकेन, फक्त घरी नाही.

मी म्हटलं, "आत्या काही बोलली नाही." त्या म्हणाल्या, "ऑर्फा कोगर? अहो, त्यांनीच तर आपल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या बैठकीत उभं राहून या नियमासाठी भाषण केलं होतं. मी होते तिथे. काय बोलल्या होत्या!"

तुला माहीत होतं. मी हालासांना सांगितलं की मी तुझ्याकडे परत जाणार आहे. तुला विचारलं, काय करू. तू दोन ओळींत उत्तर दिलंस आणि हरिणीवर पानभर लिहिलंस.

का?

मार्लेना


बर्च फोर्क
१९ जानेवारी

मार्ली,

त्या बिकलबाईला गप्प बसवणं कुणालाच जमलेलं नाही, तिच्या नवऱ्यालासुद्धा नाही, आणि तो पादरी आहे.

हो, मला माहीत होतं. हो, मी भाषण केलं होतं. निळा सूट घातला होता, माझ्या आवाजाला तेव्हा धार होती. ऐक, काय होतं ते. आयुष्यभर मोठ्या हॉस्पिटलांनी आम्हाला बाकड्यावर बसवलं, म्हणून आम्ही आमची छोटी हॉस्पिटलं उभारली. चर्चच्या बायकांनी चादरी शिवल्या. आणि मग एक दिवस त्याच मोठ्या लोकांनी आमच्या मुलांना आत घ्यायला सुरुवात केली. आमची मुलं पळत सुटली. आमच्या वॉर्डात रात्रपाळीला माणूस मिळेना. मी उभी राहून म्हटलं, ज्याला या राज्यात डॉक्टरकी करायची आहे, त्याने एक वर्ष आपल्यात काढावं, एवढं मागणं जास्त नाही. टाळ्या वाजल्या. आम्हाला वाटलं, मुलांना घरी थांबवायचा उपाय सापडला. जे थांबणार नाहीत त्यांची परत यायची वाटच आपण बुजवतोय, हे त्या हॉलमध्ये एकाच्याही डोक्यात आलं नाही. गेलेलं मूल परत येईल असं आम्ही कधी धरलंच नव्हतं ना.

तेव्हा ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. त्या नियमाच्या जोरावर ती हॉस्पिटलं पुष्कळ वर्षं चालली. तुझ्या बापाचं अपेंडिक्स त्यातल्याच एकात काढलं.

आता तुझा तो "का?" सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. थांबली असतीस आणि चाळिशीत कधीतरी सिंकपाशी भांडी घासताना तुला बाल्टिमोर आठवलं असतं, आणि तेव्हा तुला भांडायला मी नसते. मला ते नको होतं. हालास म्हणून कुणी तुला दारापर्यंत सोडायला आला, हे मी होबार्टला वाचून दाखवलं. माझ्या आईला सांगता आलं असतं तर तिलाही सांगितलं असतं.

आणि आणखी एक आहे. हे लिहायचं की नाही यात माझे दोन दिवस गेले. तुला खरंच परत यायचं आहे का, हे मला कधी नीट कळलं नाही. लहानपणापासून म्हणतेस. केस सापडला म्हणायचीस, तसंच म्हणतेस की काय, अशी मला शंका येते. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस.

यादीची मुदत अठ्ठावीस तारखेला आहे. या वेळी मी काही सांगणार नाही.

आत्या


लुईसबर्ग
२८ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र आल्यावर मी नदीकाठी बरंच चालले. मग आले आणि लिहायला बसले. हे पत्र आधी पेन्सिलीने लिहिलं, आता शाईने उतरवते आहे.

बिकलबाई बोलत होत्या ना, तेव्हा तुझ्यावर राग यायच्या आधी एक क्षण मला बरं वाटलं. हलकं वाटलं. नियमच आहे, मी तरी काय करणार, असं आयुष्यभर म्हणता आलं असतं. नाताळात घरी आले असते, चर्चमध्ये सगळ्यांसमोर हळहळले असते, लोक म्हणाले असते, बिचारीची फार इच्छा होती. मग मला त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली आणि तो सगळा राग मी तुझ्यावर काढला.

तू विचारलं नाहीस, तरी उत्तर देते. मला घर फार आठवतं. इतकं की इथे कुणी मलमाची बाटली उघडली तरी मी थांबते. तुझ्या हाताखालून उठून माणसं जाताना दारात वळून बघायची, ते आठवतं. उन्हाळ्यात जाळीच्या दारावर पतंग आपटायचे, तू आतून "कोण आहे?" म्हणायचीस आणि बाहेर कुणीच नसायचं. मला वाटायचं, एवढं आठवतं त्याअर्थी मला तिकडेच जायचं असणार. पण आत्या, मी त्या खोलीत खुर्चीवर बसलेय आणि समोर पेशंट आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आणून बघितलं, आणि ते येत नाही. मला तिथे डॉक्टर व्हायचं नाहीये. मला तिथे पुन्हा आठ वर्षांची व्हायचंय.

आणि मोठी होऊन मला ते काम करायचं आहे. पहाटे वॉर्डात शिरायचं, ज्याचं काय बिघडलंय ते कुणालाच कळलेलं नाही अशा माणसाशेजारी बसायचं, आणि उलगडत जायचं. मला ते फार आवडतं. प्रेस्कॉटशी भांडायलासुद्धा आवडतं.

आपली यादी मी भरलेली नाही. आज मुदत होती. नियमामुळे नाही, तू सांगितलंस म्हणूनही नाही. मला बाल्टिमोर हवं आहे. मिळेल की नाही माहीत नाही; नाही मिळालं तर यंदा कुठेच जागा नाही. पण बर्च फोर्कला मी परत येणार नाही, आत्या. हे कुणी विचारलं तर मी असंच सांगणार आहे. नियमाचं नाव घेणार नाही. हालासांनाही पत्र टाकलं आहे, की मुलाखतीत मी जे म्हणाले ते आता तसं राहिलेलं नाही. त्यांनी यादीत खाली ओढलं तर ओढू दे.

तुझ्यावर रागावलेली नाही. तू रागावली असशील तर लिही.

तुझी,
मार्ली


लुईसबर्ग
१८ मार्च

प्रिय आत्या,

फेब्रुवारीभर तुझं पत्र नाही. रोज टपालपेटीपाशी जाते. होबार्टना फोन केला, ते म्हणाले, "बऱ्या आहेत. लाकडं फोडताहेत. कुणाशी बोलत नाहीत, आणि ते कानांमुळे नाही."

आज दुपारी लिफाफा उघडला. बाल्टिमोर.

वर्गात सगळे ओरडत होते, ड्वाइटने मला उचलून गोल फिरवलं. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले, आणि कुणाला सांगावं ते सुचेना. जिला सांगायचं तिला फोनवर ऐकू येत नाही.

संध्याकाळी कॉलेजात हालासांचा एका ओळीचा फॅक्स आला: "खरं बोलणारी माणसंही आम्हाला हवीच असतात." प्रेस्कॉटने निरोप ठेवलाय: कोगर, पोटॅशियम पाठ कर.

मला लिही, आत्या. शिव्या दे, पण लिही.

मार्ली


बर्च फोर्क
२६ एप्रिल

मार्ली बाळा,

रागावले होते. तू येणार नाहीस हे आपल्याला माहीत असणं वेगळं, आणि तुझ्या अक्षरात वाचणं वेगळं. पुष्कळ लाकडं फोडली. पुढच्या हिवाळ्यालाही पुरतील. पत्रं लिहिली आणि चुलीत टाकली. एक अगदी वाईट होतं, ते जळताना बरं वाटलं.

मग रानलसूण आली. शनिवारी चर्चच्या तळघरात तिचं दरवर्षीचं जेवण होतं. बटाट्यात, अंड्यांत, सगळ्यात लसूणच. दोन दिवस गावाला वास येतोय, शाळेत खिडक्या उघड्या ठेवल्यात. जेवण झाल्यावर मी उभी राहिले आणि सांगितलं की माझ्या भावाच्या मुलीला बाल्टिमोरच्या मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळाली, आणि ती इकडे परत येणार नाही, कारण तिला तिकडे राहायचं आहे. दोन्ही सांगितलं, एका दमात. एकजण काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही. होबार्ट म्हणाला, ते ऐकू आलं, कारण तो नेहमी ओरडतोच, "मग माझ्या पाठीचं काय?" मी म्हटलं, "मी मेले का अजून?" तो म्हणाला, "नाही, पण एखाद दिवशी मराल." मी म्हटलं, "मग तोवर ट्रॅक्टरवरून उड्या मारून घे." सगळे हसले. आणि मग बायका उठून एकेक करून मला भेटल्या, लग्नात भेटतात तशा.

माझ्यानंतर इथे कोण, ते मला माहीत नाही. ते तुझ्या डोक्यावर नाही. संघटनेच्या उन्हाळी बैठकीला जाणार आहे. निळा सूट अजून होतो. उभी राहून सांगणार आहे की तो नियम काढा, किंवा निदान जी मुलं बाहेर गेली त्यांना परत यायची फट ठेवा. जुनी माणसं आरडाओरडा करतील. करू देत, मला काय ऐकू येणार आहे. हे तुझ्यासाठी नाही, उगीच मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यामागून कुणी असेल, ज्याला खरंच यायचं असेल.

तुझी नोकरी जुलैत सुरू होते. जूनमध्ये ये. कायद्याने तुला इथे डॉक्टर व्हायला मनाई आहे, पेशंट व्हायला नाही. पुढच्या खोलीत ये, बूट काढ, उताणी पड. आठ वर्षांची तुला मी करू शकत नाही, पण अर्धा तास कुणाची काळजी करायची नाही, एवढं करू शकते. मानेपासून सुरुवात करीन. चार वर्षं पुस्तकांवर वाकून तिची काय दशा झाली असेल, ते मला इथूनच दिसतंय.

तुझी,
आत्या